घामाची पावती: लोकवाट्याचा हिशेब कसा ठेवतात

गावात पाणलोटाचा, पिण्याच्या पाण्याचा किंवा फळबाग लागवडीचा प्रकल्प आला की करारनाम्यात एक कलम हमखास असतं: खर्चाचा अमुक टक्के हिस्सा गाव किंवा संस्था स्वतः उभा करील. हाच लोकवाटा. सह्या होतात त्या दिवशी या कलमाकडे फारसं कुणी बघत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष येणाऱ्या अनुदानावर असतं. दोन-तीन वर्षांनी उपयोगिता प्रमाणपत्र द्यायची वेळ आली की सगळ्यात मोठी धावपळ मात्र याच कलमापायी होते. डोंगरावर चर खोदलेले दिसतात, बांध घातलेले दिसतात, गावकरी राबल्याचं सगळे सांगतात. पण कोण, किती, कोणत्या दिवशी राबलं याचा कागद नसतो, आणि कागद नाही म्हटल्यावर लेखापरीक्षक तो वाटा धरत नाही. मग मागच्या तारखा टाकून हजेरीपत्रकं भरली जातात, एकाच पेनाने पन्नास सह्या होतात. खरं झालेलं काम अशा रीतीने खोट्या कागदावर उभं राहतं. ज्यांनी खरोखर घाम गाळला त्यांच्यावर हा अन्याय आहे, म्हणून हे सगळं पहिल्या दिवसापासून नीट कसं करायचं ते सविस्तर सांगतो.

सुरुवात टक्केवारीपासून. टक्के कशाचे, हे करारात बारकाईने वाचावं लागतं. समजा, देणगीदार तीस लाख रुपये देणार आहे आणि वाटा पंचवीस टक्के ठरलाय. हे पंचवीस टक्के अनुदानावर असतील तर गावाने साडेसात लाख उभे करायचे. एकूण खर्चावर असतील तर तीस लाख हे पंचाहत्तर टक्के झाले, म्हणजे एकूण खर्च चाळीस लाख आणि गावाचा वाटा दहा लाख. एका शब्दाने अडीच लाखांचा फरक पडतो. शिवाय वाटा कमी पडला तर देणगीदाराचा मान्य खर्चही त्याच प्रमाणात खाली येऊ शकतो. दहाऐवजी सहा लाखच सिद्ध झाले, तर पंचाहत्तर-पंचवीसच्या हिशेबाने अनुदानातले अठरा लाखच ग्राह्य धरायचे आणि उरलेले बारा परत मागायचे, अशी तरतूद करारात आहे का ते आधीच बघून ठेवावं. वाट्यात काय चालतं, फक्त रोख की श्रम आणि वस्तूही, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचं चालतं, हेही तिथेच लिहिलेलं असतं. करार होण्याआधी गावाने उत्साहाने केलेलं श्रमदान बहुतेक वेळा मोजलं जात नाही. गावकऱ्यांना हे आधी सांगितलं नाही तर पुढे मनं दुखावतात.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. राळेगण सिद्धीच्या कामातून पुढे आलेल्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी यांच्या जोडीने श्रमदान होतं. फादर हर्मन बाखर यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या आणि नाबार्डमार्फत चाललेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात अकुशल मजुरीच्या १६ टक्के इतकं श्रमदान गावाकडून अपेक्षित असे, आणि भूमिहीन कुटुंबांना त्यातून सूट होती. केंद्र सरकारच्या २००८ च्या सामायिक पाणलोट मार्गदर्शक सूचनांनी खाजगी जमिनीवरच्या मृद-जलसंधारण कामासाठी किमान १० टक्के वाटा ठरवला. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अल्प व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी तो ५ टक्के. फळबाग, मत्स्यपालन, पशुपालन अशा ज्या कामाचा फायदा थेट एका शेतकऱ्याला होतो, तिथे सर्वसाधारण गटाला ४० आणि अनुसूचित जाती-जमातींना २० टक्के. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्येही गावांतर्गत कामांच्या भांडवली खर्चाचे १० टक्के लोकांनी द्यायचे आहेत. डोंगराळ किंवा वनक्षेत्रातल्या आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ५ टक्के. ही रक्कम रोख, वस्तू किंवा श्रम, कशातूनही देता येते.

रोख वाट्याचा हिशेब सगळ्यात सोपा, म्हणून तो थोडक्यात उरकतो. पैसे हातात आले की छापील, क्रमांक घातलेल्या पावती पुस्तकातून लगेच पावती फाडायची. पावतीवर नाव, गट नंबर, कोणत्या कामाचा वाटा आणि रक्कम आकड्यांत व अक्षरांत. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी रक्कम बँकेत भरायची. जमा झालेल्या रोखीतून परस्पर खर्च करायचा नाही. पावती, कीर्द आणि पासबुक या तिन्हींत रक्कम एकच दिसली पाहिजे. शेतकरीनिहाय खतावणीत प्रत्येकाचं पान ठेवावं: जमिनीवर झालेल्या कामाचा खर्च, त्यावर लागू टक्के, देय वाटा, भरलेला वाटा, बाकी. ५ टक्क्यांची सवलत कुणाला दिली असेल तर त्या पानाला पुरावा जोडावा लागतो. जमीन कमी आहे म्हणून सवलत असेल तर नुसता एका गटाचा सातबारा पुरत नाही. त्या माणसाच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे ते आठ-अच्या उताऱ्यावर कळतं, म्हणून तो उतारा लागतो. अत्यल्पभूधारक म्हणजे एक हेक्टरपर्यंत आणि अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरपर्यंत. बांधबंदिस्तीला चोवीस हजार खर्च आला असेल तर दहा टक्क्यांनी चोवीसशे होतात आणि पाच टक्क्यांनी बाराशे. मधले बाराशे का सोडले याचं उत्तर फाइलीत असलं पाहिजे.

खरा कस लागतो तो श्रमदानात.

रविवारी सकाळी गाव माथ्यावर चढतं. टिकाव, फावडी, घमेली. त्या वेळी गावसमितीच्या सचिवाच्या काखेत मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, असायलाच हवं. काम झाल्यावर घरी बसून ते भरायचं नाही. माणूस आला की नाव, कुटुंबप्रमुखाचं नाव, गट नंबर किंवा भूमिहीन असल्याची खूण, कामाची जागा आणि आल्याची वेळ लिहायची. निघताना गेल्याची वेळ आणि सही. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही. शेवटच्या नावाखाली उरलेल्या ओळींवर तिरपी रेघ मारून पान बंद करायचं, म्हणजे मागाहून कुणाचं नाव घुसत नाही. खाली एकूण हजेरी अक्षरांत लिहायची, आणि सचिवाबरोबर त्या दिवशी हजर असलेल्या आणखी एका समिती सदस्याने सही करायची. खाडाखोड झाली तर पांढरा रंग फासायचा नाही. चुकलेल्यावर एक रेघ ओढून वर बरोबर लिहायचं आणि बाजूला आद्याक्षरी करायची. तारीख आणि ठिकाण उमटणारे दोन फोटो काढावेत, पण मस्टर भरलंच नाही तर नुसत्या फोटोवर वाटा सिद्ध होत नाही. फोटोत चाळीस माणसं दिसतात. ती किती वेळ राबली हे फोटो सांगत नाही.

आता मस्टरवरच्या हजेरीचे रुपये करायचे. त्याच्या दोन रीती आहेत आणि माझ्या मते दोन्ही एकदम वापराव्यात. पहिली वेळेची. चाळीस माणसं चार तास राबली म्हणजे १६० तास; आठ तासांचा एक दिवस धरला तर वीस मनुष्यदिवस. त्या भागातल्या अकुशल कामाचा ठरलेला दर समजा ३०० रुपये असेल, तर वाटा सहा हजारांचा झाला. दुसरी रीत मोजमापाची. सलग समतल चर साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असेल तर एका मीटर लांबीत ०.१८ घनमीटर माती निघते. टेप धरून मोजल्यावर दोनशे मीटर चर झालेला दिसला, म्हणजे ३६ घनमीटर. त्या प्रकारच्या जमिनीत खोदाईचा दर समजा घनमीटरला १५० रुपये, तर काम ५,४०० रुपयांचं. दोन आकड्यांत फरक पडणारच. श्रमदानाला म्हातारी माणसं येतात, शाळकरी पोरं येतात, अधूनमधून गप्पाही होतात. हिशेबाला यातला कमी आकडा धरावा आणि दोन्ही आकडे मोजमाप पुस्तकात लिहून ठेवावेत. मस्टरवर माणसं आणि मोजमाप पुस्तकावर माती, अशी एकमेकांची साक्ष असली की तपासणीला येणाऱ्याला शंका घ्यायला जागा राहत नाही. चर मोजायचा तो त्याच दिवशी किंवा फार तर दोन-तीन दिवसांत. एक पावसाळा गेला की गाळ भरतो आणि खोली सिद्ध करता येत नाही.

दर ठरवताना दोन गोष्टी सांभाळायच्या. दर ग्रामसभेच्या किंवा समितीच्या ठरावाने, काम सुरू होण्याआधी ठरावा, आणि तो प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातल्या किंवा शासकीय दरसूचीतल्या दराहून जास्त नसावा. वाटा भरून काढण्यासाठी दर फुगवणं लगेच पकडलं जातं, कारण त्याच डोंगरावर, त्याच महिन्यात, मजुरी देऊन केलेल्या कामाचा दर शेजारच्या व्हाउचरवर असतो. दुसरी गोष्ट, बाईच्या दिवसाला आणि पुरुषाच्या दिवसाला एकच दर. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ पासून आहे, तरी श्रमदानाच्या मस्टरवर बायकांचा दिवस कमी धरलेला मी पाहिलेला आहे. बहुतेक गावांत श्रमदानाला बायकाच जास्त येतात. त्यांचा दर कापला तर गावाचा वाटाच विनाकारण कमी दिसतो. कुशल माणसाचं काम मात्र वेगळ्या दराने धरता येतं: गवंडी दगड लावायला आला तर गवंड्याचा दर, पण तोच गवंडी घमेली वाहत असेल तर अकुशल दर. दर कामाचा असतो.

यापुढची पायरी अनेक संस्थांच्या हिशेबात निसटते. श्रमाचं मूल्य ठरलं. ते वहीत कुठे आणि कसं लिहायचं? साध्या प्रकल्पात एका बाजूला खर्च आणि दुसऱ्या बाजूला जमा अशी एकाच रकमेची जर्नल नोंद होते. चर खोदाई नावे ५,४००, श्रमरूप लोकवाटा जमा ५,४००. रोख हलत नाही, पण कामाची खरी किंमत पुस्तकात येते. पाणलोटाच्या २००८ च्या सूचनांत यापुढची एक सोय आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. कामाच्या अंदाजपत्रकात मजुरीची सगळी रक्कम धरलेली असते. त्यातला काही भाग लोकांनी श्रमाने फेडला, तर तेवढे पैसे प्रकल्प खात्यात शिल्लक राहतात. ते तिथेच ठेवायचे नाहीत. श्रमाच्या मूल्याइतकी रक्कम प्रकल्प खात्यातून गावाच्या पाणलोट विकास निधीच्या वेगळ्या खात्यात वळती करायची. म्हणजे रविवारच्या त्या चार तासांचे ५,४०० रुपये गावाच्या नावावर बँकेत जमा होतात, आणि प्रकल्प निघून गेल्यावर फुटलेला बांध किंवा गळका बंधारा दुरुस्त करायला तेच पैसे उपयोगी पडतात. हिशेबाला धरलेला आकडा आणि निधी खात्यात वळती केलेली रक्कम जुळली पाहिजे, आणि वळती करण्याच्या व्हाउचरवर मस्टर क्रमांक लिहिलेला पाहिजे. ही एक सवय लागली की अर्धी कटकट संपते.

आता एक कडू गोष्ट. अनेक प्रकल्पांत लोकवाटा गोळाच केला जात नाही. तो मजुरीतून कापला जातो. शंभर रुपयांचं काम करणाऱ्याला चौऱ्याऐंशी किंवा नव्वद रुपये हातावर टेकवायचे आणि कापलेली रक्कम लोकवाटा म्हणून दाखवायची. कागदावर सगळं जुळतं. पण बांध ज्याच्या शेतात घातला तो शेतकरी घरी बसलेला असतो आणि त्याचा वाटा भरते ती बिनजमिनीची मजूर बाई, जिला त्या बांधाचा काही फायदा नाही. पाणलोट कार्यक्रमांवर अभ्यासकांनी ही टीका वारंवार केलेली आहे. हिशेब ठेवणाऱ्याच्या हातात हे थांबवण्याचा साधा उपाय आहे: वाट्याच्या प्रत्येक नोंदीला देणाऱ्याचा गट नंबर आणि काम झालेल्या जमिनीचा गट नंबर असे दोन रकाने ठेवायचे. दोन्ही जुळत नसतील तर विचारायचं. सार्वजनिक जमिनीवरचं श्रमदान वेगळं; ते गावाचं म्हणून सगळ्यांनी करायचं असतं. पण खाजगी शेतावरचा वाटा त्या शेतकऱ्याकडूनच यायला हवा, आणि मजुराला मिळायची ती मजुरी पूर्ण मिळायला हवी. कापलेल्या मजुरीला मी लोकवाटा मानत नाही.

वस्तूंचा वाटा त्यामानाने बेताचा असतो, पण भांडणं त्यावरूनच जास्त होतात. कुणी चार ट्रॉल्या मुरूम देतो, कुणी दगड, कुणी दिवसभर ट्रॅक्टर. ट्रॉली म्हणजे किती, हे पहिल्यांदा ठरवायचं: एका ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची मोजून घनमीटर काढायचं आणि पुढे तेच माप वापरायचं. माल उतरताना पोच लिहायची, त्यावर देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या, आणि माल साठा नोंदवहीत चढवून कोणत्या कामावर वापरला तेही लिहायचं. किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने, तालुक्याच्या ठिकाणच्या दोन-तीन दरपत्रकांवरून किंवा दरसूचीवरून; त्यातही कमी ती. ट्रॅक्टरला तासाचा दर लावायचा आणि चालकाची मजुरी त्यातच आहे की वेगळी ते स्पष्ट करायचं, नाहीतर ती दोनदा धरली जाते. शाळेची खोली प्रशिक्षणाला वापरली तर तिचं भाडंही कधी कधी वाट्यात धरतात. तिथे हात आखडता घ्यावा. जी खोली एरवी कुणी भाड्याने घेत नाही तिचं शहरी भाडं लावलं तर बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. आणि श्रमाला किंवा वस्तूला ८०जी ची पावती द्यायची नाही. प्राप्तिकराची ती वजावट पैशाच्या देणगीलाच आहे, आणि रोखीत तर दोन हजार रुपयांपर्यंतच.

एकच वाटा दोन ठिकाणी दाखवणं ही या विषयातली सगळ्यात गंभीर चूक. संस्था लहान असते, देणगीदार दोन असतात, गाव एकच असतं. जूनमधलं श्रमदान एका ट्रस्टच्या अहवालात जातं आणि तेच मार्चमध्ये कंपनीच्या अहवालात. कुणाचा वाईट हेतू नसतो, फाइल वेगवेगळ्या माणसांकडे असते एवढंच. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अनुदान नियमावलीत याची कसोटी थोडक्यात मांडलेली आहे: वाटा नोंदींवरून पडताळता आला पाहिजे, दुसऱ्या कोणत्याही सरकारी अनुदानासाठी वाटा म्हणून दाखवलेला नसला पाहिजे आणि मंजूर अंदाजपत्रकात त्याची तरतूद असली पाहिजे. आपल्याकडे हीच कसोटी लावायला हरकत नाही. प्रत्यक्षात करायचं ते इतकंच: प्रत्येक मस्टर, पोच आणि पावतीवर प्रकल्पाच्या नावाचा शिक्का मारायचा. शिक्का पडलेला कागद दुसऱ्या फाइलीत जाऊ शकत नाही. रोजगार हमीवर मजुरी घेतलेला दिवस तर श्रमदानात येऊच शकत नाही. तिथलं मस्टर आणि आपलं मस्टर महिन्यातून एकदा शेजारी ठेवून नावं आणि तारखा ताडून बघाव्यात.

परदेशी निधी असेल तर आणखी एक भिंत सांभाळावी लागते. विदेशी अंशदान कायद्याखालच्या खात्यात स्थानिक पैसा भरता येत नाही. म्हणून गावाची रोख वर्गणी नेहमी स्थानिक खात्यातच जाते, काम एकच असलं तरी. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करायलाही बंदी आहे, त्यामुळे गावसमितीच्या खात्यात ती पाठवून खर्च करण्याची जुनी सोय राहिलेली नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतही एक खाच आहे: कंपनीने दिलेल्या वस्तूंची किंमत काढून ती कायद्याने करायच्या खर्चात धरता येत नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलेलं आहे. म्हणून कंपनीने दिलेले जुने संगणक आणि गावाने दिलेला मुरूम हे अहवालात कधीही एका रकान्यात टाकू नयेत.

हे सगळं महिन्याच्या महिन्याला ताळ्यात येतं की नाही, ते एका साध्या तक्त्यावर कळतं. करारातला एकूण वाटा, या महिन्यापर्यंत यायला हवा होता तो, प्रत्यक्ष आलेला रोख, श्रम आणि वस्तू असा तीन रकान्यांत, आणि शेवटी शिल्लक. अनुदान साठ टक्के खर्च झालं आणि वाटा वीस टक्केच आला, तर उरलेल्या महिन्यांत गाव ऐंशी टक्के वाटा उभा करू शकणार नाही, विशेषतः पेरणी-काढणीच्या दिवसांत. ते वेळीच दिसलं तर देणगीदाराशी बोलता येतं, मुदत मागता येते, रोखीऐवजी श्रमाला मंजुरी मागता येते. शेवटच्या महिन्यात यातलं काहीच होत नाही. हा तक्ता समितीच्या बैठकीत वाचावा आणि इतिवृत्तात चिकटवावा. दर तीन महिन्यांनी ग्रामसभेपुढे नावानिशी वाचावा. माझा दिवस राहिला, असं कुणी उठून म्हणालं की मस्टर तिथेच उघडायचं. अशी तपासणी कोणत्याही सनदी लेखापालाला करता येणार नाही.

वर्ष संपल्यावर लेखापरीक्षण आणि मग उपयोगिता प्रमाणपत्र. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार ते जीएफआर १२-अ या नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यायचं असतं. त्यासोबत वाट्याचं विवरण देताना प्रत्येक रकमेसमोर मस्टर, पोच किंवा पावतीचा क्रमांक लिहावा. कागद किती वर्षं जपायचे, याचं उत्तर देणगीदाराच्या करारात असतं, पण धर्मादाय संस्थांसाठी २०२२ साली आलेल्या प्राप्तिकर नियमाने हिशेबाची पुस्तकं आणि कागदपत्रं संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून दहा वर्षं ठेवायला सांगितली. तेवढा काळ मस्टरचा कागद टिकायला हवा असेल तर शाईच्या पेनाने भरू नये, पहिल्या पावसात अक्षरं फुटतात. बॉलपेन वापरावं आणि पत्र्याच्या पेटीत कोरड्या जागी ठेवावं. प्रकल्प गुंडाळताना मूळ मस्टरं संस्थेकडे, त्यांच्या प्रती गावसमितीकडे, आणि निधीच्या खात्याचं पासबुक सहीचे नमुने बदलून गावाच्या ताब्यात द्यावं.